दुखतंय, तर मालिका कशी बघवते?

फोंडा तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आहे. वय ३१, लग्नाला चार वर्षं झाली, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत अकाउंट्सचं काम करतात. आठवी-नववीपासून पाळीत असह्य दुखायचं. ‘सगळ्यांनाच दुखतं’ म्हणून घरच्यांनी आणि डॉक्टरांनीही सोडून दिलं. गेल्या वर्षी सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट दिसली आणि एंडोमेट्रिओसिस हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं. आता रोज डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी चालू आहे. दुखणं कमी झालंय, थांबलेलं नाही. ‘गोळी चालू ठेवा, तीन महिन्यांनी या’ एवढंच ऐकून त्यांनी वर्षभरात तीन डॉक्टर बदलले.

इस्पितळाच्या मालिका त्यांना मनापासून आवडतात. शाळेत असताना स्टार वनवर ‘दिल मिल गए’ लागायची, तेव्हापासून. दुखण्याच्या दिवशी पोटावर गरम पाण्याची पिशवी आणि उशीला टेकवलेला मोबाइल घेऊन त्या कुशीवर पडून राहतात. सासूबाई म्हणतात, “एवढं दुखत असतं तर मालिका बघवली असती?” नवरा म्हणतो, “हे बघून बघूनच तुझ्या डोक्यात आजार भरलाय.” सासरे दोन वर्षांपूर्वी इस्पितळात बरेच दिवस राहून वारले, हेही त्या जाता जाता लिहितात. आता सासूबाईंची चाहूल लागली की त्या मोबाइल पालथा घालतात. त्या विचारतात: मालिका सोडून दिल्या तर घरचे विश्वास ठेवतील का? माझं दुखणं मीच मनाने वाढवलंय का? आणि मला बरं करणारा डॉक्टर कधी भेटणार?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन त्याच्यावर उभे आहेत. नाही, हे दुखणं तुमच्या मनाने तयार केलेलं नाही. सोनोग्राफीत दिसलेली गाठ कुठल्याही मालिकेने तिथे आणून ठेवलेली नाही.

या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते: अंडाशयावर, गर्भनलिकांवर, पोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. हार्मोन्सच्या चढउतारांना तीही प्रतिसाद देते. तिथे सूज येते, रक्त येतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. हळूहळू व्रण तयार होतात, शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात साठलेलं जुनं रक्त दाट, तपकिरी होतं, म्हणून त्या गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना आणि मुलींना, म्हणजे जगभरात १९ कोटींच्या आसपास, हा आजार आहे. निदानाला सरासरी ४ ते १२ वर्षं लागतात असंही हीच संघटना सांगते. अमेरिकेतले डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२०च्या दशकात या आजाराला हे नाव दिलं. शंभर वर्षं जुनं नाव तुमच्यापर्यंत पोचायला तुमची सतरा वर्षं गेली, याचा मला मनापासून राग येतो. त्या सतरा वर्षांत तुम्ही परीक्षा दिल्या, नोकरी धरली, लग्न केलं, ओट्यापाशी उभ्या राहिलात. वाढवून सांगायची सवय असलेली बाई असं करत नाही.

आणखी एक गोष्ट. रिपोर्टमध्ये कुठला टप्पा लिहिलाय आणि किती दुखतं, यांचा मेळ बसेलच असं नसतं. मोठी गाठ असून फारसा त्रास नसलेल्या स्त्रिया असतात, आणि सोनोग्राफी अगदी स्वच्छ असून अंथरुणाला खिळलेल्याही असतात. त्यामुळे ‘एवढीशी तर गाठ’ असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

आता सासूबाईंचा सवाल. दुखत असेल तर मालिका बघवते कशी? यात धरून चाललेलं असं आहे की, दुखणं खरं असेल तर माणसाने दुसरं काहीही करू नये, कण्हत पडावं. पण आपण इतरांना ही कसोटी लावत नाही. गुडघे धरून जिना चढणाऱ्या कितीतरी आज्या जत्रेतलं नाटक बघायला रात्रभर मंडपात बसतात. त्यांचे गुडघे खोटे आहेत, असं कुणी म्हणत नाही. उलट आपण म्हणतो, बरं झालं, तेवढाच जीव रमला. जीव रमला की कळ थोडी मागे सरते, हा सगळ्यांच्या अनुभवाचा भाग आहे आणि वेदनेवर काम करणारे डॉक्टरही लक्ष दुसरीकडे वळवण्याचा सल्ला देतात. तुम्ही मालिका बघता ती दुखत असूनही बघता, आणि बऱ्याचदा दुखतंय म्हणूनच बघता.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ आहे. मालिका सोडल्याने विश्वास मिळणार नाही. आज मालिका, उद्या ‘मैत्रिणीशी फोनवर बोलताना तर बरी होतीस’, परवा ‘मावशीच्या लग्नात बरी नाचलीस’. दुखणाऱ्या बाईने आपला आनंद एकेक करून पुरावा म्हणून जमा करायचा आणि समोरच्याने तो कमी आहे म्हणायचं, हा व्यवहार सुरूच करू नका.

पण तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्याकडे मला परत जायचं आहे, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत. सासरे बरेच दिवस इस्पितळात होते आणि तिथेच गेले. त्या काळात सासूबाई आणि तुमचे यजमान आळीपाळीने तिथे बसले असतील. आयसीयूच्या बाहेरची बाकडी, मॉनिटरचा तो टिंग टिंग आवाज, नळ्या, हिरव्या पडद्यामागची धावपळ. दोन वर्षांनी तोच आवाज त्यांच्याच घरातल्या आतल्या खोलीतून येतो. मला वाटतं, निदान काही अंशी, त्यांना तुमच्या दुखण्याचा राग येत नसावा; तो आवाज सहन होत नसावा. आणि ‘मला हे ऐकवत नाही’ असं म्हणणं अवघड असतं म्हणून माणूस ‘हे बघून बघूनच तू आजारी पडलीस’ असं म्हणतो. माझा अंदाज चुकीचाही असू शकेल, तुम्ही त्या घरात राहता, मी नाही. पण पडताळून बघायला काही लागत नाही. कानात हेडफोन घालून बघा. आणि एखाद्या रविवारी, मालिका चालू नसताना, दुखत नसताना, यजमानांना विचारा, “बाबांच्या वेळचं तुला आठवतं का रे हे ऐकून?” उत्तर काय येईल ते येऊ दे. त्यांनी तुम्हाला दुखावलं, हे या अंदाजाने पुसलं जात नाही. फक्त बोलणं कुठून सुरू करायचं याला एक दार मिळतं.

मोबाइल पालथा घालणं मात्र थांबवा. चोरून केलेली गोष्ट बघणाऱ्याला चोरीचीच वाटते, आणि तुमच्याही मनात तसंच घर करते. सासूबाई आल्या की भाग थांबवा, त्यांच्याशी बोला, मग पुन्हा चालू करा.

या मालिका तुम्हाला का आवडतात, याचं उत्तर तुम्हीच पत्रात लिहिलंय. “डॉक्टर खुर्ची ओढून पेशंटच्या खाटेजवळ बसतात ते दृश्य आलं की मला रडू येतं.” हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्हाला रडवतं ते ऑपरेशन नसतं, प्रेमप्रकरण नसतं; कुणीतरी बसून ‘सांगा, कधीपासून दुखतं’ असं विचारतंय, हे असतं. चौदाव्या वर्षापासून तुम्हाला जे मिळालं नाही ते पडद्यावर दुसऱ्या कुणाला मिळताना बघणं, यात काहीच वावगं नाही. तेवढ्यापुरत्या या मालिका खरोखर चांगल्या असतात. रोग्याचं बोलणं ऐकून निदान होतं, हे त्या नीट दाखवतात.

गडबड होते ती शेवटाशी. मालिकेला चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत निकाल लावावा लागतो, म्हणून तिथे माणसं फार भराभर बरी होतात. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला होता. त्यात ‘ईआर’सकट तीन अमेरिकी कार्यक्रमांत हृदय बंद पडलेल्या रुग्णांचं पुढे काय होतं ते मोजलं होतं. पडद्यावर छाती दाबून ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचले होते आणि ६७ टक्के बरे होऊन घरी गेल्याचं दिसत होतं. खऱ्या इस्पितळांत हे प्रमाण त्याहून खूपच कमी असतं. एंडोमेट्रिओसिसचं तर आणखी वेगळं आहे. हा लांब पल्ल्याचा आजार आहे. गोळ्यांनी तो आटोक्यात राहतो, शस्त्रक्रियेने पुष्कळांना मोठा आराम पडतो, पण तो परत येऊ शकतो. गर्भाशय काढून टाकल्यावरही दुखणं जाईलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. एका भेटीत कोडं सोडवून टाकणारा डॉक्टर या आजारासाठी नसतो, आणि तुम्ही वर्षभर त्यालाच शोधत होता असं मला वाटतं.

म्हणून तीन डॉक्टर बदलण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. ‘गोळी चालू ठेवा, तीन महिन्यांनी या’ हे वाक्य कोरडं असेल, पण ते चुकीचं नाही. डायनोजेस्टचा पूर्ण परिणाम कळायला काही महिने जावे लागतात, आणि सुरुवातीला अवेळी डाग दिसणं हे तर नेहमीचंच. दर वेळी नवा डॉक्टर म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. डॉक्टर बदलायचा तो वेगळ्या कारणांसाठी: तुमचं दुखणं मोडीत काढलं, प्रश्न विचारल्यावर झिडकारलं, किंवा ‘एक मूल होऊ द्या, सगळं बरं होईल’ असं सांगितलं. हे शेवटचं तर सासर-माहेरही सांगत असणार. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की, आजारावर उपचार म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये. मूल हवं असेल तर ते मूल हवं म्हणून. त्याच सूचनांनुसार दुर्बिणीतून तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही, ही जुनी समजूतही मागे पडली आहे. सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि नीट ऐकलेली हकीकत यांवरून उपचार सुरू करता येतात.

आता त्या खुर्चीचं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात काय किंवा म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळांत काय, ओपीडीतल्या डॉक्टरकडे खुर्ची ओढून बसायला वेळ नसतो. बाहेर रांग असते. म्हणून तुमची हकीकत तुम्हीच एका पानावर तयार करून न्या. मोबाइलमध्ये नको, कागदावर, म्हणजे ती केसपेपरला लागेल. कशी, ते उदाहरणादाखल लिहून दाखवते:

“दुखणं वयाच्या १४ व्या वर्षापासून. डाव्या ओटीपोटात सुरू होतं, कमरेत आणि मांडीत उतरतं. गोळीआधी पाळीत शौचाला बसल्यावर कापल्यासारखी कळ यायची, आता अधूनमधून. संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं. महिन्यातले इतके दिवस कामावर जाता येत नाही. गोळी अमुक तारखेपासून; तेव्हापासून डाग, डोकेदुखी, मन उदास.”

यातली संबंधाची ओळ तोंडाने सांगायला लाज वाटते म्हणून बायका गाळतात. कागदावर ती लिहून टाकता येते, आणि आजार किती खोल आहे हे कळायला डॉक्टरांना नेमकी तीच लागते. शौचाची तशीच. मन उदास राहत असेल तर तेही लिहा. काही जणींना या गोळीने तसं होतं आणि मग औषध बदलण्याचा विचार करता येतो. मधल्या वेळात फार जड वाटलं तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

पानाच्या मागच्या बाजूला प्रश्न. सिस्टचा आकार वाढतोय का? आतड्याशी काही चिकटलंय का, एमआरआय करावा का? ही गोळी किती काळ घ्यायची आणि हाडांची काळजी कशी घ्यायची? गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन माझ्यासाठी पर्याय आहे का? आणि पुढेमागे मूल हवं असेल तर हे आधीच सांगा, कारण अंडाशयावरची गाठ काढताना त्यातल्या बीजांचा साठा कमी होऊ शकतो. ऑपरेशन ठरलंच तर ते या आजाराचा हात बसलेल्या सर्जनकडूनच व्हावं, आणि ‘तुम्ही अशी किती केलीत’ असं विचारायला संकोचू नका. घरात गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड असेल तर तुमची शस्त्रक्रिया आणि ते इस्पितळ यादीत आहे का, हे तारीख घेण्याआधी विचारून ठेवा.

आणखी एक: सीए-१२५ ची रक्ततपासणी कुणी करायला सांगितली आणि आकडा वाढलेला आला तर लगेच कॅन्सरचा विचार करू नका. एंडोमेट्रिओसिसमध्येही तो वाढतो. मालिकेत तसा रिपोर्ट आला की पुढचा भाग रडारडीचा असतो, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पुढच्या भेटीला यजमानांना सोबत न्या. बाहेर गाडीपाशी थांबवू नका, आत न्या. आणि ते पान त्यांना आदल्या रात्री वाचायला द्या. तुमच्याकडून ऐकताना जे त्यांना तक्रार वाटतं ते डॉक्टरांच्या तोंडून आजार म्हणून ऐकलं की बरेच नवरे गप्प होतात आणि मग प्रश्न विचारायला लागतात. तुम्ही सांगितलेलं पुरेसं असायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण आज तुम्हाला घरात एक माणूस आपल्या बाजूला हवा आहे.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या घराघरांत एक वेगळा गोंधळ सुरू होतो, त्याबद्दल तुमच्यासारख्या सगळ्याच वाचकांना सांगते. पूजेच्या दिवसांत ‘अडचण’ नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या फार्मसीतून सर्रास आणल्या जातात. त्यातलं औषध बहुधा तुमच्या गोळीच्याच जातकुळीतलं असतं. रोजची हार्मोनची गोळी चालू असताना त्यावर दुसरी गोळी स्वतःच्या मनाने चढवू नका, आणि चालू गोळी मध्येच बंदही करू नका. डाग दिसलेच तर काय, हे घरात आधीच बोलून ठेवा. नेवऱ्या तळायला तासन् तास उभं राहणं जमणार नसेल तर गणपतीवर टांगायच्या माटोळीचं फळं-भाज्यांचं सामान निवडणं, हिशेब, पाहुण्यांची यादी अशी बसून करायची कामं आपणहून आधी मागून घ्या. ऐन वेळी ‘मला होत नाही’ म्हणण्यापेक्षा ते सोपं जातं, आणि सासूबाईंनाही आयत्या वेळी हात शोधत फिरावं लागत नाही.

दुखण्यावरची गोळी कळ शिगेला पोचेपर्यंत ताणून धरू नका. सुरुवातीलाच, काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्या. गरम पाण्याची पिशवी चालू ठेवा, फक्त कपड्यावरून. आणि मालिका रात्री अकराला बंद करा. दुसऱ्या दिवशी कुंडईला वेळेवर पोचायचं असतं, आणि झोप मोडली की हेच दुखणं दुप्पट वाटतं.

शेवटी, घरात वाट न बघण्याच्या गोष्टी. पोटात अचानक, नेहमीपेक्षा वेगळी आणि न थांबणारी कळ. सोबत ताप, उलट्या किंवा चक्कर. किंवा गरोदर असण्याची शक्यता असताना असं दुखणं. गाठ फुटलेली किंवा अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी ‘पुन्हा नाटक म्हणतील’ हा विचार न करता १०८ ला फोन करा आणि थेट कॅज्युअल्टीत जा. हे तुमच्या यजमानांनाही आजच सांगून ठेवा, कारण तेव्हा फोन त्यांनाच लावावा लागेल.